होयबा

त्याला होयबा हे नाव पडलं लग्नाच्या मांडवात, आणि ते ठेवलं मेहुणीनं. तिनं सहज खडा टाकून पाहिला. "भाओजी, आमच्या ताईला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही बरं का." हा म्हणाला, "हो, हो." "आणि ती घोरते." "हो." "आणि मांडवाला मागून आग लागलीय." "हो, हो," म्हणून हा गोड हसला, आणि मग दचकून उभाच राहिला. सगळा मांडव हसला. नवरी तेवढी हसली नाही. कुणाच्या पदरात पडलेय, हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं.

आता होयबा म्हटलं की लोकांना पुढाऱ्याच्या मागे मान डोलवत फिरणारा माणूस आठवतो. हा त्यातला नव्हता. त्या होयबाला काहीतरी पदरात पाडून घ्यायचं असतं; ह्याला काही नको होतं. समोरचा माणूस एकटाच बोलत राहिला तर ह्याला कसंतरी व्हायचं. आपल्यात बोलणाऱ्याला हुंकार लागतोच. नाही दिला तर तो मध्येच थांबून विचारतो, लक्ष आहे ना? शिवाय आपली भाषा अशी चावट, की वाक्याचा निकाल लागतो शेवटच्या शब्दाला. "मी तुझ्या भावाला काल बाजारात" एवढं ऐकून काय कळणार, भेटला की बदडला? तोवर ऐकणाऱ्यानं हो हो करत तग धरायचा. ते हो काही कबुलीचं नसतं. तुमचं चालू द्या, मी ऐकतोय, एवढंच. तुम्हीआम्ही सगळेच करतो. तो जरा जास्त करायचा.

पुढे तो बायको आणि लेकीला घेऊन परमुलखात आला आणि एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात लागला. काम तळघरात. वरून चादरींचे ढीग यायचे. त्या धुऊन निघाल्या की दोघांनी दोन टोकं धरायची, झटकायच्या, आणि तापलेल्या मोठ्या रुळांमध्ये सारायच्या. पलीकडून इस्त्री होऊन बाहेर. डाग राहिलेली चादर वेगळी काढायची. दिवसभर वाफ आणि साबणाचा उग्र वास. घरी आल्यावर लेक नाक धरून म्हणायची, "आलं इस्पितळ." पाळी सकाळची असल्यामुळे तो दुपारी घरी असायचा. बायको एका म्हाताऱ्या बाईचं न्हाऊमाखू आणि खाणंपिणं बघायला दुपारी जायची, ती दिवे लागल्यावर यायची. म्हणजे शाळा सुटल्यावर लेक त्याच्या ताब्यात.

ताब्यात कसली, तोच तिच्या ताब्यात. दुसरीतली पोर, पण तिथली भाषा तिला अशी फुटली होती की ऐकत राहावं. आईबापाला दुकानात, दवाखान्यात तीच बोलून द्यायची, आणि घरी आल्यावर बापाचे उच्चार काढून त्याला हसायची. तो तिला मास्तरीणबाई म्हणायचा. त्या भाषेतला 'हो' त्यानं सगळ्यांत आधी उचलला होता. एका अक्षराचा, लहानसा, आपल्या 'हो'सारखाच तोंडात बसणारा. त्यातच तो फसला.

पोलीस त्याला कामावर जाता-येता अडवायचे. दर वेळी नाही, पण वरचेवर. तेच वळण, तोच पूल, ह्याची निळी सायकल, हँडलला पिशवी. कुठून आलात, कुठे चाललात, कार्ड दाखवा. त्याच पुलावरून ढिगानं सायकली जायच्या. थांबायचा हा, नाहीतर ह्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी. कार्ड बघायचे, चेहरा बघायचे, जा म्हणायचे. वाईट वागायचे असं नाही. पण रोज दार उघडून आत डोकावणाऱ्याला आपण काय म्हणतो? बायको म्हणायची, "सोयरीक असल्यासारखे भेटतायत तुम्हाला. एकदा जेवायलाच बोलवा." "हो, हो," तो म्हणायचा. हसायचा. पण पुलाजवळ आलं की तो कुणी अडवायच्या आधीच कार्ड काढून हातात धरायचा. त्याच्या एकट्याच्या परवान्यावर घरातली तिघं राहत होती. परवाना गेला की लेकीला तिच्या शाळेतून, तिच्या त्या भाषेतून मुळासकट उपटून न्यायचं. दुसरं कशाचंही त्याला भय नव्हतं. तिला नीट वाढू द्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

एके दिवशी असाच अडवला. ह्या वेळी दोघं होते, एक पोरगेलासा आणि एक पिकल्या केसांचा. पिकल्या केसांचा शांतपणे, लांब लांब वाक्यांत बोलत होता. ह्याला त्यातलं निम्मं कळत होतं, आणि उरलेलं वाक्य संपलं की कळेल म्हणून हा वाट बघत होता. तुम्ही नदीकडच्या रस्त्यानं आलात. हो. तिथे पदपथावर एक म्हातारे गृहस्थ चालले होते. हो, हो. त्यांना सायकलीचा धक्का लागला. हो. ते पडले आणि तुम्ही न थांबता निघून आलात. हो, हो, हो. मान डोलवत, तोंडावर पाहुण्यासमोर असतं तसं हसू ठेवून. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग पोरगेल्यानं सायकल धरली आणि पिकल्या केसांच्यानं ह्याचं कोपर धरलं.

चौकीत त्यांनी नियमाप्रमाणे दुभाषी दिला. दुभाषी म्हणजे टेबलावर ठेवलेला फोन, आणि फोनातून आली एका बाईची मराठी. कुठल्या गावाहून बोलत होती देव जाणे, पण "नमस्कार, मी तुमच्यासाठी भाषांतर करणार आहे" एवढं ऐकूनच ह्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. आपलं माणूस भेटलं. मग काय विचारता, बाई बोलत होती आणि हा हो हो हो करत होता. ती म्हणाली, "ते विचारतायत, रस्त्यात विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात का?"

"हो, म्हणालो," तो म्हणाला. खोटं कशाला बोलायचं?

टेबलापलीकडे त्याचं उत्तर टिपून घेतल्याची टकटक झाली. मग त्याला एकदम उमगलं. "ताई, थांबा. मी म्हणालो, पण ते तसलं हो नव्हतं."

"कसलं?"

"आता मी तुमच्याशी बोलताना म्हणतोय ना, तसलं. तुम्हाला माहितीय ताई. आपल्यात म्हणतात तसलं."

बाईला कळलं होतं, शंभर टक्के कळलं होतं. पण तिच्या हातात काय होतं? "दादा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोलाल तेवढंच मला त्यांना सांगता येतं. मनचं घालता येत नाही." आणि तिनं ते त्या भाषेत सांगितलं. त्या भाषेत ते असं झालं, की हा माणूस म्हणतो, मी हो म्हणालो होतो, पण आता माझं म्हणणं वेगळं आहे. हे ऐकून तर चोरही हसला असता. पिकल्या केसांचा हसला नाही. त्यानं नुसता सुस्कारा सोडला.

सरकारनं एक वकीलबाई दिली. तरुण होती, सारखी घाईत, पण मनाची चांगली. पडलेल्या म्हाताऱ्यानंच सांगितलं की धक्का देणारं एक सोळा-सतरा वर्षांचं पोर होतं, आणि ह्याला बघून तर ते म्हातारे गृहस्थ म्हणाले, "हा माणूस कोण?" प्रकरण मिटलं. पण मिटलं म्हणजे पुसलं नाही. चौकीच्या दप्तरात ह्याचं नाव राहिलं, आणि परवान्याचं नूतनीकरण लांबणीवर पडलं. वकीलबाईनं नवराबायकोला समोर बसवलं. बोलून द्यायला अर्थात मास्तरीणबाई.

"त्या म्हणतायत," लेक म्हणाली, "बाबांनी परत पोलिसांशी बोलायचंच नाही. 'हो' नाही म्हणायचं, 'नाही'सुद्धा नाही म्हणायचं. काही विचारलं तरी गप्प बसायचं आणि ह्यांना फोन करायचा. आणखी एकदा असं झालं तर त्यांना काही करता येणार नाही."

"हो, हो," तो म्हणाला.

वकीलबाईनं डोळे मिटून घेतले. बायकोनं कपाळाला हात लावला.

पण लेकीनं ते अंगावर घेतलं. बापाला शिकवायचं ती आधीच शिकली होती. संध्याकाळी ती उलटं पातेलं डोक्यावर घालायची, हातात पट्टी घ्यायची आणि त्याच्यासमोर उभी राहायची. कुठून आलात? तो गप्प. कुठे चाललात? गप्प. ही पिशवी तुमची आहे का? "हो," की बसली पट्टी गुडघ्यावर. "परत," ती म्हणायची. आधी आधी तो दर तिसऱ्या प्रश्नाला पडायचा, आणि दोघं हसून लोळायची. हळूहळू पडेनासा झाला. ओठ घट्ट आवळून भिंतीकडे बघत बसायला शिकला. एकदा तर तिनं सगळे प्रश्न संपवले, हा हूं की चूं नाही. "पास," ती म्हणाली आणि पातेलं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी एवढी वर्षं घसा फोडला, मला हे जमलं नाही." पण नंतर तिच्या लक्षात आलं, घरातही हा आता कमी बोलतो. ती काही सांगायला लागली की नुसता बघतो. तिला ते आवडलं नाही. पण परवान्याचं होईपर्यंत असू दे म्हणून तीही गप्प राहिली.

आणि मग तो दिवस आला. दुपार टळली तरी लेक घरी आली नाही.

रोज ती शेजारच्या दोन मुलींबरोबर चालत यायची. त्या दोघी आल्या. म्हणाल्या, ती एका मैत्रिणीबरोबर बसमध्ये चढली, मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झालीत. कुठली मैत्रीण, कुठली बस, त्यांना ठाऊक नाही. होयबा धावत शाळेपर्यंत गेला, शाळेला कुलूप. थांब्यावर गेला, परत घरी आला, जिना उतरून परत गेला. दुसरा कुणी असता तर त्यानं पहिल्यांदा पोलिसांना फोन केला असता. ह्यानं फोन दोनदा हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. चादरीचं दुसरं टोक धरणाऱ्या जोडीदारानं त्याला कधीतरी सांगितलेलं होतं, आमच्या ओळखीच्यांचं लेकरू रस्त्यावर एकटं सापडलं, तर सरकारनं आईबाप निष्काळजी म्हणून दुसरीकडे नेऊन ठेवलं. खरं असेल, खोटं असेल. ऐकीव गोष्ट मनात बसली की खरीच होते. बायकोला सांगावं तर ती म्हाताऱ्या बाईला एकटं टाकून धावत येणार, तिचं काम जाणार. आणखी थोडी वाट बघू, म्हणून तो खिडकीत उभा राहिला.

दारावरची घंटा वाजली. दारात लेक होती, आणि तिच्यामागे पोलीसबाई.

लेक मजेत होती, अगदी सुखरूप. चुकीच्या थांब्यावर उतरली होती, रस्ता विसरली होती, एका दुकानदारानं पोलिसांना बोलावलं होतं, आणि ती पोलिसांच्या गाडीत पुढे बसून आली होती. तिला केवढं सांगायचं होतं. तिला उचलून घ्यावं, आधी छातीशी धरावं आणि मग एक धपाटा घालावा, असं बापाला झालं. त्यानं हात पुढे केलेसुद्धा.

तेवढ्यात पोलीसबाई म्हणाली, "ही तुमची मुलगी का?"

साधा प्रश्न. त्याला प्रत्येक शब्द कळला. 'हो' घशापर्यंत आलं, आणि तिथे अडकलं. ह्या वाक्यानंतर दुसरं वाक्य येणार, त्यानंतर तिसरं. ही तुमची मुलगी? हो. ती एकटी होती? हो. तुम्ही तिला एकटं सोडलंत? पहिलं हो दिलं की पुढची आपोआप वाहत जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्या पुलावर सायकल गेली होती. इथे लेक जाईल. त्यानं हात मागे घेतले, ओठ आवळले आणि भिंतीकडे बघितलं.

पोलीसबाईला वाटलं ऐकू गेलं नसेल. तिनं परत विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. स्वभावानं चांगली असावी; तिच्या हातात लेकीचं दप्तर होतं, ती ते त्याच्यापुढे धरून उभी होती. त्यानं दप्तरही घेतलं नाही.

"बाबा, हो म्हणा ना," लेक म्हणाली. "ह्या चांगल्या आहेत."

तो भिंतीकडेच बघत राहिला. मग लेक पोलीसबाईकडे वळली आणि तिच्या त्या सुरेख भाषेत, जरा तोऱ्यातच म्हणाली, "हे माझे बाबा आहेत. ते पोलिसांशी बोलत नाहीत. मीच शिकवलंय त्यांना."

झालं. पोलीसबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आपण तिला तरी काय दोष द्यायचा? मूल परत आलंय आणि दारातला माणूस त्याला हात लावत नाही, माझं म्हणत नाही, आणि मूल म्हणतंय की पोलिसांशी न बोलायचं शिकवून ठेवलंय. ती लेकीसमोर उकिडवी बसली आणि हलक्या आवाजात तिनं विचारलं, "तुला ह्या घरात यायची भीती वाटते का?"

हेही त्याला कळलं. अक्षर न् अक्षर कळलं. नाही, असं ओरडावं म्हणून त्याचा जीव तडफडला, पण वकीलबाईनं 'नाही'लाही मनाई केली होती. लेकीनं उत्तर देण्याआधी बापाच्या तोंडाकडे बघितलं. लहान मूल बघतंच, काय बोलू म्हणून. पोलीसबाईनं ते बघणं टिपलं. बापाचं तोंड दगडासारखं होतं. मग लेकीचा खालचा ओठ थरथरला, आणि ती रडायला लागली.

पोलीसबाईनं तिचा हात धरला आणि ती जिना उतरायला लागली. लेक मागे वळून वळून "बाबा, बाबा" करत होती. वळणावर ती दिसेनाशी झाली तेव्हा कुठे ह्याचं तोंड उघडलं. "हो," तो म्हणाला. "हो, हो, माझी आहे, माझी मुलगी आहे." म्हणत अनवाणी जिना उतरला. पण सगळं मराठीत. इतके दिवस जिभेच्या टोकावर बसलेला तो परका 'हो' त्या घटकेला काही केल्या सापडला नाही. खाली पोचला तेव्हा गाडीचं दार लागलं होतं. काचेतून लेक त्याच्याकडे बघत होती. ती रडायची थांबली होती. तो हो हो करत गाडीमागे चार घरं धावला, आणि बाजूचे लोक खिडक्यांतून बघायला लागले.

त्यानं बायकोला फोन केला आणि स्वतः चौकी गाठली. ती अंगावरच्या ओल्या अ‍ॅप्रनसकट चौकीत आली. तिनं कार्डं दाखवली, फोनमधले फोटो दाखवले, मोडक्यातोडक्या भाषेत भांडली, रडली. पिकल्या केसांचाच तिथे होता. त्यानं ह्याला ओळखलं, आणि सगळं पुन्हा एकदा विचारलं. ही तुमची मुलगी? हो. तुम्ही घरी होतात? हो. ती उशिरापर्यंत आली नाही, हे तुम्हाला कळलं होतं? हो. तरी आम्हाला कळवलं नाहीत? हो. दारात तिला घेतलं नाहीत? हो. आयुष्यात पहिल्यांदा तो एकेक हो कबुलीचं म्हणत होता, आणि एकही खोटं नव्हतं. म्हाताऱ्या पोलिसानं पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, मुलीला घेऊन जा. अधूनमधून कुणीतरी घरी बघायला येत जाईल. परवान्याचं आम्हाला काही सांगता येत नाही.

आतल्या खोलीतून लेकीला आणलं. कुणीतरी तिला बिस्किटं दिली होती, ती तशीच हातात होती. ती सरळ आईकडे गेली आणि तिच्या अ‍ॅप्रनमध्ये तोंड घालून उभी राहिली. बापानं डोक्यावर हात ठेवला. तिनं डोकं काढून घेतलं नाही, पण वरही बघितलं नाही.

घरी जाताना रस्त्यावरचे दिवे लागलेले होते. बायकोनं लेकीचं बोट धरलं होतं, आणि दप्तर आता ह्याच्या खांद्यावर होतं. मग लेकीनं आईला विचारलं, "आई, त्या मला परत न्यायला येतील का?"

"नाही गं," आई म्हणाली. "आता नाही येणार."

"आल्या तर बाबा हो म्हणतील?"

आईनं तिचं बोट आणखी घट्ट धरलं. मग होयबा लेकीच्या बाजूला आला आणि बोलायला लागला. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "बाळा, मी का गप्प बसलो सांगू का?"

"हो," ती म्हणाली.

"मला वाटलं, मी हो म्हणालो तर त्या तुला घेऊन जातील."

"हो."

"मला तुला घट्ट धरायचं होतं गं. हात पुढे केले होते मी. तू बघितलंस ना?"

"हो, बाबा."

"तू माझी नाहीस असं मला म्हणायचं नव्हतं. तसं मी मेलो तरी म्हणणार नाही."

"हो, हो."

बायकोनं चालता चालता मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. लेक रस्त्याच्या फरश्यांकडे बघत चालली होती, आणि त्याचं वाक्य संपलं की तिचं हो यायचं, तो काय म्हणाला ते न ऐकताच. ते हो कसलं होतं, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. तो बोलत राहिला. तो थांबला असता तर तेवढंही हो आलं नसतं.